अण्णांची भाषा गेली आहे. त्यांना कितपत समजत असेल?

गंगाखेडची_लेक

नमस्कार. प्रश्न घरचा आहे, पण इथं लकवा झालेल्या माणसांची सेवा केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते.

आमचे अण्णा परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होते. तूर, मूग, सोयाबीनचा सौदा पुकारायचं कामही तेच करायचे. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतले हमाल ओळखायचे. पोळ्याच्या आधी मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. पाय आता थोडा सावरलाय, हात तसाच लोंबतो. बोलणं मात्र पार गेलं. डॉक्टरांनी कागदावर 'ग्लोबल अफेजिया' असं लिहिलंय.

तोंडातून एकच शब्द येतो, 'चला'. भूक लागली की चला, राग आला की चला, नातू मांडीवर बसला की हसून चला. पाटी दिली तर नुसत्या रेघा ओढतात. पेपर हातात धरतात, पण तो उलटा असला तरी तसाच धरून बसतात.

भाऊ म्हणतो, त्यांना काहीच कळत नाही. माय म्हणते, सगळं कळतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय आणि त्यासाठी दोन एकराचा तुकडा विकायचं घरात चाललंय. जमीन अण्णांच्या नावावर आहे. हे त्यांच्यासमोर बोलावं का? त्यांना विचारावं का, आणि विचारायचं तर कसं?

सोयाबीन_भाव

ताई, अण्णांना मी बघितलेलं आहे. मोंढ्यात त्यांच्या पुकाऱ्यावर आमच्या बापानं किती तरी वर्षं माल घातला. वाचून लई वाईट वाटलं.

माझं मत विचाराल तर जमिनीचं त्यांच्या कानावर घालू नका. बीपीचा माणूस आहे, दुसरा झटका आला म्हणजे? आमच्या चुलत्याला असंच काही सांगितलं नाही आम्ही. शांत राहिले शेवटपर्यंत.

मांजराकाठ

सोयाबीनदादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. माझ्या नवऱ्याला हाच आजार आहे, काही वर्षं झाली. पहिल्या दिवसांत घरातली माणसं त्यांच्या पलंगाशेजारी बसून "आता ह्यांचं काही खरं नाही" असं बोलायची. त्यांना शब्द कळत होते का, ते मी सांगू शकत नाही. चेहरे मात्र कळत होते. कुणी कुजबुजायला लागलं की ते भिंतीकडं तोंड फिरवायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

लपवलं तरी घरातला ताण लपत नाही. उलट काय चाललंय ते न कळल्यानं माणूस जास्त घाबरतो. जमिनीवर घर उभं केलेला माणूस आहे तो. त्याला बाजूला सारून त्याच्याच जमिनीचा सौदा करणं मला तरी बघवणार नाही.

हुरडा_पार्टी

लिहून दाखवायला सांगा ना. पाटी नको, मोबाईलवर टाईप करायला द्या. माझ्या मामाचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला, ते सगळं मोबाईलवरच बोलतात.

वाणी_लातूर

मी वाचा उपचारतज्ज्ञ आहे. हुरडा_पार्टी यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण प्रत्येक घरात पहिला सल्ला हाच मिळतो.

तुमच्या मामांचा गेला तो आवाज, भाषा शाबूत आहे. तसंच झटक्यानंतर काहींचे ओठ आणि जीभ लुळी पडून शब्द बोबडे होतात, त्याला डिसआर्थ्रिया म्हणतात. तोही माणूस लिहून सांगू शकतो. वाचाघात, म्हणजे अफेजिया, हा वेगळा प्रकार आहे. बोलणं, ऐकून समजणं, वाचणं आणि लिहिणं या चारही गोष्टी मेंदूतल्या एकाच जाळ्यावर चालतात. उजव्या हातानं काम करणाऱ्या बहुतेक सगळ्यांचं, 100 मधल्या साधारण 95 जणांचं, हे जाळं डाव्या बाजूला असतं. डाव्या बाजूला रक्त पुरवणारी मधली मोठी धमनी मुळाशी तुंबली की पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग मारले जातात आणि चारही गोष्टी एकदम जातात. हाच ग्लोबल प्रकार. म्हणून पाटीवर रेघा येतात. मोबाईल दिला तरी रेघांच्या जागी वेडीवाकडी अक्षरं येतील, एवढाच फरक.

पण भाषा गेली म्हणजे अक्कल गेली, असं नाही. तामिळनाडूतल्या आडगावात तुम्हाला एकटं सोडलं तर पाटी वाचता येणार नाही, कुणाचं बोलणं कळणार नाही, तरी भूक, पैसा, अपमान, माया यातलं काय काय आहे ते कळेलच. अण्णांचं साधारण तसं झालंय, फक्त ते गाव त्यांचं स्वतःचं घर आहे.

आता भाऊ खरे की माय खरी? पूर्ण खरं कुणाचंच नाही. माय ताट घेऊन येते, "जेवता का?" विचारते आणि अण्णा उठून बसतात. त्यांनी ताट पाहिलं, फोडणीचा वास आला, जेवणाची वेळही झालेली होती. शब्द समजलाच असेल असं यावरून म्हणता येत नाही. हातात काही न घेता, नजरेनं किंवा बोटानं खूण न करता, अवेळी एखादी साधी गोष्ट विचारा. "चष्मा कुठं आहे?" एवढंच. बघा नजर कुठं जाते.

दुसरी गोष्ट 'हो-नाही'ची. या आजारात हो म्हणायचं असताना मान नाही म्हणून हलते, हे अगदी नेहमीचं आहे. म्हणून उत्तर पक्कं ठाऊक असलेले प्रश्न उलटसुलट विचारा. तुमचं गाव गंगाखेड का? तुमचं गाव सोलापूर का? दहातली पाच बरोबर आली तर तो अंदाज आहे. नऊ आली तर त्या होकाराला वजन आहे. जमिनीचं विचारायच्या आधी हे करून बघा, नाहीतर घाईत हललेल्या मानेला संमती समजलं जाईल.

गंगाखेडची_लेक

ताई, खूप आभार. हे आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या वेळी फक्त "बोलायचा सराव घ्या" एवढंच म्हणाले. सराव म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना "म्हणा पाणी, म्हणा राम" करतो आणि अण्णा घामाघूम होतात.

वाणी_लातूर

ते आजपासून थांबवा. मोठ्या माणसाची दिवसभर परीक्षा घेणं हा सराव नव्हे. टीव्ही बंद, समोर बसायचं, एका वेळी एकानंच बोलायचं, वाक्य छोटं आणि मग थांबायचं. आपल्याला नकोसं वाटेल इतकं थांबायचं. वस्तू हातात घेऊन दाखवा, फोटो दाखवा. लहान मुलाशी बोलतो तसं लाडं लाडं किंवा ओरडून मात्र बोलू नका, त्यांचे कान चांगले आहेत.

शिरा_धमन्या

न्यूरॉलॉजी विभागात काम करतो. 'चला'बद्दल लिहायचं राहवत नाही.

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण होता. तिशीत त्याची वाचा गेली आणि पुढं 21 वर्षं तो तिथंच राहिला. काहीही विचारलं तरी 'तान, तान' एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तान म्हणत. 1861 मध्ये तो गेल्यावर पॉल ब्रोका या शल्यवैद्यानं त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली जखम दाखवली. भाषेची जागा मेंदूत शोधायला खरी सुरुवात तिथून झाली. 1874 मध्ये कार्ल वर्निकेनं मागच्या भागातल्या जखमेचे रुग्ण दाखवले, जे भराभर बोलतात पण बोलण्यात अर्थ नसतो आणि दुसऱ्याचंही कळत नाही. तानचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. 2007 मध्ये त्याचं एमआरआय केलं, तेव्हा जखम ब्रोकाला वरून दिसली त्याहून खूप खोल गेलेली निघाली.

सांगायचं कारण, अण्णांचा 'चला' आणि तानचा 'तान' एकाच जातीचे. तो शब्द ते निवडून बोलत नाहीत, बोलायला गेलं की तोच बाहेर पडतो. त्याचा शब्दशः अर्थ काढू नका. सूर ऐका. सुरात राग, हट्ट, विनवणी सगळं असतं आणि ते बहुतेक खरं असतं.

तेरणेची_पोर

वर्निकेचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या काकूंना एके सकाळी असंच झालं होतं. हातपाय धडधाकट, चालत होत्या, चूल पेटवली. पण बोलणं सगळं भलतंच, शब्दाला शब्द नाही, आणि आपण काही विचारलं की अजून जोरात तेच. गावात कुणी म्हणालं बाधा आहे, कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला. त्यांना एका ठिकाणी नेऊन बसवलं, अंगारा लावला. दवाखान्यात नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला.

तोंड वाकडं नाही, हात लुळा नाही, म्हणजे लकवा नाही, असंच सगळे धरून चालले होते.

शिरा_धमन्या

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. अचानक बोलणं बिघडलं, एवढं एकच लक्षण असलं तरी तो झटका असू शकतो. तोंड वाकडं, हात खाली पडणं, बोलण्यात बदल, यातलं काहीही एक दिसलं की निघायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. मोठी धमनी तुंबली असेल तर तारेनं गुठळी काढता येते, काही निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. म्हणून गावातून निघताना फोन करून सीटी कुठं चालू आहे ते विचारा आणि थेट तिथंच जा. मध्ये दोन ठिकाणी सलाईन लावून घेण्यात वेळ जातो. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

उदगीरी_दादा

थोडं विषयांतर करतो. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकलेले. आमच्या भागात त्या पिढीतल्या पुष्कळांचं शिक्षण तसंच झालं. 1948 नंतर त्यांचा सगळा व्यवहार मराठीत झाला, घरात तर आधीपासून मराठीच. म्हातारपणी झटका आला, भाषा गेली. काही महिन्यांनी शब्द यायला लागले तर पहिले उर्दू! पाणी मागताना 'पानी', आजीला 'सुनो'. आजी बिचारी गोंधळून जायची. कोपऱ्यावरचे चहावाले चाचा येऊन बसले की त्यांचं बरं जमायचं. मराठी मागाहून आली, तीही तुटक.

कुणी सांगेल का, असं का होतं?

देगलूरची

आमच्याकडं उलट झालं. माझ्या आजीचं माहेर तेलुगू, लग्न होऊन मराठीत आली. झटक्यानंतर आम्ही तेलुगू बोलणारी बाई शोधून आणली, तुमच्यासारखीच गोष्ट कुणाकडून तरी ऐकली होती म्हणून. आजीला तेलुगूही तेवढंच कळेना. दोन्ही भाषा सारख्याच गेल्या आणि पुढं सारख्याच थोड्या थोड्या आल्या.

वाणी_लातूर

दोन्ही होतं. एकोणिसाव्या शतकात रिबो म्हणाला की लहानपणची भाषा आधी परतते. 1895 मध्ये पित्र म्हणाला की झटक्याच्या वेळी रोजच्या वापरात असलेली परतते. प्रत्यक्षात सगळ्यांत जास्त दिसतं ते देगलूरच्या आजींसारखं, दोन्ही बरोबरीनं. पण उदगीरच्या आजोबांसारखेही भेटतात. म्हणून नांदेड, उदगीर, संभाजीनगरकडच्या रुग्णांना मी आवर्जून विचारते की घरात, शाळेत, बाजारात कोणकोणत्या भाषा होत्या. जी भाषा चालेल तिच्यातून सुरू करायचं.

अक्कलकारा

जिभेला अक्कलकारा आणि वेखंड मधात उगाळून लावा, जीभ सुटते. आमच्या पणजोबांपासून चालत आलंय. काही लोक कबुतराचं रक्त चोळतात, ते मी सांगणार नाही, पण मध-वेखंडानं तोटा तर नाही ना?

शिरा_धमन्या

तोटा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. झटक्यानंतर पुष्कळांची गिळण्याची ताकद कमी होते. मध, पाणी, औषध चुकून श्वासनलिकेत जातं, ठसकाही लागत नाही, आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. झटक्यातून वाचलेली पुष्कळ माणसं याच कारणानं दगावतात. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काहीही घालू नका, आणि जेवण नेहमी बसवूनच द्या. कबुतराच्या रक्ताचा काहीही उपयोग नाही. आणि इथं बिघाड मेंदूत आहे, जिभेवर काय लावलं त्यानं तो दुरुस्त होणार नाही.

अक्कलकारा

गिळण्याचं माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलं.

माळकरी

आमच्या वडिलांना शब्द येत नव्हता, पण देवळात संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की सगळा म्हणायचे, टाळासकट, डाव्या हातानं. गाव म्हणायचं विठ्ठलानं वाचा दिली. घरी आल्यावर परत मुके. गाण्यातून बोलणं परत येतं ना? मी तर म्हणतो ताईंनी अण्णांना रोज देवळात न्यावं.

वाणी_लातूर

माळकरीदादा, देवळात जरूर न्यावं. पण त्यामुळे भाषा परत येईल अशी आशा तुम्हाला दाखवणार नाही.

पाठ असलेलं, म्हणजे हरिपाठ, पाढे, वारांची नावं, एक ते वीस, शिव्या, हे एका ओघात बाहेर पडतं. त्यात शब्द शोधावा लागत नाही. म्हणून एक, दोन, तीन म्हणणारा माणूस 'तीन' हा शब्द एकटा मागितला तर सांगू शकत नाही. (आणि आयुष्यात कधी शिवी न दिलेले गुरुजी सुनेसमोर शिवी देतात, तेव्हा सुनेनं मनाला लावून घेऊ नये. ते त्यांनी ठरवून म्हटलेलं नसतं.) सुरावर शब्द बसवून बोलायला शिकवण्याची पद्धत 1973 मध्ये अमेरिकेत बोस्टनला निघाली. ज्यांना समजतं बरं पण बोलता येत नाही, त्यांना तिचा उपयोग होतो. ग्लोबल प्रकारात फार होत नाही. पण आवाज निघतो, चारचौघांत बसता येतं, चेहरा फुलतो. त्यासाठी रोज न्यायला काय हरकत आहे? मी माझ्या रुग्णांना नेते.

मुकादमाचा_मुलगा

मी बीड जिल्ह्यातला. वडील ऊसतोडीचे मुकादम. कारखान्यावरच झटका आला, थळात. टोळीतल्या कुठल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, किती उचल दिली, कुणाचं किती फिटलं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वहीत अर्धवट आकडे, तेही फक्त त्यांना कळतील असे. वाचा गेल्यावर पंधरवड्यात माणसं दारात. कुणी म्हणे माझं फिटलं, कुणी म्हणे मलाच येणं आहे. आणि ही गरीब माणसंच होती, त्यांनाही त्यांच्या घामाचं हवं होतं.

तेव्हा आईनं केलेली युक्ती सांगतो. सगळ्या जोडप्यांचे आधार कार्डाचे फोटो मोठे करून आणले. वडिलांसमोर दोन ताटं ठेवली. एका ताटात पैशाची नोट ठेवली, दुसरं रिकामं. आधी घरातल्यांचे माहितीतले व्यवहार घालून दाखवले, दोन-तीन वेळा, म्हणजे खेळ काय आहे ते त्यांना कळावं. मग एकेक फोटो हातात दिला. त्यांनी डाव्या हातानं फोटो लावत नेले. दुसऱ्या दिवशी सगळे विस्कटून परत दिले, जवळजवळ तसेच लागले. जिथं हात थबकला तिथं आम्ही गावातल्या चार जाणत्यांना बसवून मिटवलं. आकडा त्यांना सांगता आला नाही, पण कुणाचं राहिलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ताई, तुमच्या भावाला माझा निरोप द्या. काहीच कळत नाही असं म्हणू नका.

मांजराकाठ

हे वाचून रडू आलं. तुमच्या आईला नमस्कार सांगा.

आमचे हे रमी खेळतात. पत्त्यांची नावं येत नाहीत, राजाला राणी म्हणायचं तेवढंही येत नाही, पण समोरच्यानं काय उचललं ते लक्षात ठेवतात आणि जिंकतात. दीर म्हणतात, आजारपणाचा खर्च दादा आमच्याकडूनच वसूल करायलेत.

हुरडा_पार्टी

दादांना आमच्या हुरडा पार्टीला आणू नका, आम्ही गरीब माणसं आहोत :)

वकील_जालना

जमिनीच्या प्रश्नावर लिहितो, तो मागं पडू नये.

2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व हा एक, आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे अण्णा युडीआयडी कार्डाला, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राला, अर्ज करू शकतात, हात-पायाचं दिव्यांगत्वही सोबत दाखवता येईल. व्याख्येत दोष कायमस्वरूपी असावा असं म्हटलं आहे, म्हणून उपचाराचे सगळे कागद जपून ठेवा.

कलम 13 नुसार दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला आर्थिक व्यवहार स्वतः बघण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. आजार झाला म्हणून मुलाला आपोआप सही करायचा अधिकार मिळत नाही. निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात पालकानं त्या माणसाला विचारून, त्याच्या बरोबरीनं निर्णय घ्यायचा असतो.

दुय्यम निबंधकासमोर नेऊन डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. व्यवहार करणाऱ्याला तो समजत नव्हता असं पुढं सिद्ध झालं तर खरेदीखत अडचणीत येतं, घेणारा कोर्टात जातो आणि भावंडं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. मी अशी भांडणं रोज बघतो. जमीन वडिलोपार्जित आहे की स्वकष्टाची, तेही बघावं लागेल. घाई नको.

बँकेतली_मावशी

पैशाचं अडलं असेल तर: आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, अंगठाही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेची तशी सूचना आहे. शाखेत कुणी "माणूस आणा, सही करा" म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच मागा.

सोयाबीन_भाव

सगळं वाचलं. आधी लिहिलं ते काळजीनं लिहिलं होतं, पण मुकादमाच्या घरचं वाचून मत बदललं. ताई, पुढं काय झालं?

गंगाखेडची_लेक

उशिरा लिहिते आहे, माफ करा. घरी सगळ्यांना धागा वाचून दाखवला, भावालाही.

आधी उलटसुलट प्रश्न करून पाहिले. मान हलण्यावर अजून भरवसा ठेवता येत नाही, कधी बरोबर, कधी उलटी. फोटोवर मात्र बोट नेमकं जातं. मग भावानंच शेतात जाऊन फोटो काढले: विहिरीजवळचा तुकडा, नाल्याकाठचा मुरमाड तुकडा, आणि बैलं. एका कागदावर बहिणीचा फोटो चिकटवून शेजारी मंडपाचं चित्र ठेवलं. मायनं आपल्या पाटल्या काढून ठेवल्या. मी हातानं दाखवत, थांबत थांबत सांगितलं: लग्न, पैसा लागतो, यातलं काय द्यायचं?

अण्णांनी विहिरीच्या तुकड्याचा फोटो उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवला. "चला" असं इतक्या जोरात म्हणाले की शेजारची बाई डोकावली. पाटल्या उचलून मायच्या हातात परत दिल्या. मुरमाड तुकड्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. मग मंडपाचं चित्रच बाजूला सारलं आणि बहिणीचा फोटो जवळ ओढला. दुसऱ्यांदा क्रम बदलून केलं, विहिरीचा फोटो परत मांडीखाली.

भाऊ काही बोलला नाही. संध्याकाळी अण्णांची दाढी त्यानं केली, एरवी मी करते.

आता घरात ठरलंय की विहिरीचा तुकडा विकायचा नाही. मुरमाडाचं लगेच नाही. मुलाकडच्यांशी बोलून लग्न साधं करायचं, जमलं तर नोंदणी.

वकील_जालना

छान झालं. फक्त हे घरच्या निर्णयासाठी पुरेसं आहे, दस्तासाठी नाही. पुढं मुरमाड विकायची वेळ आलीच तर आधी माझ्यासारख्या कुणाला तरी कागद दाखवा.

वाणी_लातूर

मंडपाचं चित्र बाजूला सारलं याचा अर्थ 'साधं लग्न' असाच असेल असं धरू नका, ते चित्र त्यांना कळलंच नसेल असंही होऊ शकतं. तेवढं एकदा खऱ्या फोटोवर, तुमच्या स्वतःच्या लग्नाच्या वगैरे, तपासा. विहिरीबद्दल मात्र शंका नाही.

आणि हे फोटो फेकू नका. एक वही करा: घरची माणसं, जेवण, दुखणं, संडास-अंघोळ, शेत, मोंढा, पैसे. एका पानावर दोन किंवा तीनच चित्रं, मोठी. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, समजणं बहुतेक आधी सुधारतं, आणि ग्लोबलमधून बऱ्याच जणांचा आजार सौम्य प्रकारात उतरतो. नंतरही वर्षानुवर्षं थोडं थोडं सुधारत राहतं, म्हणून सहा महिन्यांनी आशा सोडू नका. तज्ज्ञासाठी संभाजीनगर, नांदेड, अंबाजोगाई, लातूर यातल्या जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर घरच्यांना शिकवता येतं. मला निरोप टाका, मी वेळ देईन. आणि ते फार गप्प झाले, जेवण तोडलं, रात्र रात्र जागले तर डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावर औषध असतं. भाषा नसलेला माणूस ते सांगू शकत नाही, आपणच ओळखायचं.

गंगाखेडची_लेक

वहीचं आजच सुरू केलं. मोंढ्याचा फोटो माझ्याकडं नाही. सोयाबीनदादा, मिळेल का? दुकानाचा, काट्याचा, ढिगाऱ्यांचा. आणि पाढे करून पाहिले. मी दिडकी सुरू केली, एक दीड दीड, तर अण्णा पुढं म्हणत गेले. माय पदरात तोंड खुपसून हसत होती. मला माहीत आहे ते बोलणं नाही. रोज म्हणतो आम्ही.

सोयाबीन_भाव

फोटो उद्या सकाळी सौदे चालू असताना काढून पाठवतो. जुने हमाल आणि आडत्ये विचारायलेत, भेटायला यावं का? दहा-बारा जण आहेत, एक गाडी करून येतो म्हणतात.

वाणी_लातूर

दहा-बारा नको! एका वेळी दोघं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. 'ओळखलं का मला?' असं विचारायचं नाही, आपलं नाव आपणच सांगायचं. मालाचे नमुने मुठीत घेऊन जा, तूर, मूग, हातात द्या आणि भावाचं बोला.

सोयाबीन_भाव

बरं. शनिवारी बाजार उठल्यावर मी आणि आमचा म्हातारा, दोघंच येतो. तुरीचा नमुना आणि पत्ते दोन्ही घेऊन. मांजराकाठताई, रमीत किती हरायची तयारी ठेवावी?

मांजराकाठ

सुट्टे पैसे भरपूर आणा.